बातमीत न येणारा खेळाडू : धेंपोचा समीर नाईक

मंडळी, आपल्या गटात नाटकमंडळी, वाचनालयं, देवळांचे उत्सव, जुनी घरं यांवर भरभरून लिहिलं जातं. इंदूर-बडोद्याच्या मंडळींचे क्रिकेटचे किस्सेही येतात. गोव्याच्या माणसानं फुटबॉलवर लिहिलेलं मात्र फारसं दिसलं नाही. म्हणून आज थोडं लांबण लावतो. चहा घेऊनच बसा.

कॉलेजात असताना मला एक नाद होता. सकाळी वर्तमानपत्र आलं की क्रीडापानावरची फुटबॉलची बातमी कापून वहीत चिकटवायची. ती वही परवा माळ्यावर सापडली. पानं पिवळी पडलीत, डिंकाचे डाग आहेत. उलटताना एक गोष्ट लक्षात आली. रँटी मार्टिन्सचं नाव पानापानावर. बेटोचं आहे, क्लिफर्ड मिरांडाचं आहे. आणि ज्याला बघायला मी फातोर्ड्याला जायचो, त्या समीर नाईकचं नाव जवळजवळ कुठेच नाही. असलंच तर पिवळ्या कार्डाच्या ओळीत, नाहीतर शेवटी छापलेल्या अकरा नावांच्या यादीत.

बचावपटूचं असंच असतं. त्यानं काम चोख केलं तर त्या दिवशी काहीच घडत नाही, आणि जे घडलं नाही त्याची बातमी कोण छापणार? चूक झाली, गोल खाल्ला, की मात्र दुसऱ्या दिवशी ठळक अक्षरांत नाव. तर ही पोस्ट माझ्या वहीत राहून गेलेल्या त्या माणसाबद्दल.

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी आधी थोडी पार्श्वभूमी. गोव्यात फुटबॉल आणला फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या ब्रिटिश धर्मगुरूनं, १८८३ साली, बार्देशातल्या शिवोलीत. तिथून खेळ चर्चच्या शाळांमधून गावोगाव पसरला. भाताची कापणी झाली की रिकाम्या शेतात दोन बाजूंना दोन-दोन बांबू रोवायचे आणि गावागावांचे सामने लावायचे. १९५१ मध्ये वास्को स्पोर्ट्स क्लब निघाला, १९५९ मध्ये गोवा फुटबॉल संघटना. म्हणजे पोर्तुगीज जायच्या आधीच घडी बसली होती.

मुक्तीच्या आसपास चित्र बदललं. खाणमालकांनी संघ बाळगायला सुरुवात केली. साळगावकर, धेंपो, सेझा गोवा. पोराला पायात खेळ असेल तर कंपनीत नोकरी मिळायची, आणि संध्याकाळी सराव. धेंपोचं मूळ डिचोलीच्या एका क्लबात. वसंतराव धेंपो यांनी तो हाती घेतला आणि १९७४ मध्ये या संघानं मुंबईच्या कूपरेजवर रोव्हर्स चषक जिंकला. मुंबईतल्या गोवेकरांनी त्या दिवसांच्या आठवणी पुढची कितीतरी वर्षं सांगितल्या.

आता आमच्या घरांविषयी. मी अंत्रुज महालातला, म्हणजे फोंड्याकडचा. घरात मराठी वाचन, भजनाची बारी, जत्रेतलं नाटक. फुटबॉल म्हणजे सासष्टीतल्या ख्रिश्चन मुलांचा खेळ अशी एक समजूत आमच्याकडे होती. कोणी उघडपणे बोलायचं नाही, पण असायची. मालक हिंदू, प्रेक्षक मिश्र, मैदानावरची नावं बहुतेक पिंटो, फर्नांडिस, परेरा. या समजुतीला पहिला मोठा तडा दिला ताळगावच्या ब्रह्मानंद शंखवाळकरांनी. १९८३-८४ चा संतोष चषक गोव्यानं एकही गोल न खाता जिंकला, तेव्हा गोलात ते उभे होते. पुढे भारताचे कर्णधार, १९९७ मध्ये अर्जुन पुरस्कार, २०२२ मध्ये पद्मश्री. आमचे बाबा क्रिकेटवाले, पण ब्रह्मानंदचं नाव निघालं की पेपर खाली ठेवायचे.

शतक बदललं त्या सुमाराला धेंपोच्या बचावफळीत समीर नाईक हा विशीतला मुलगा दिसायला लागला. जन्म १९७९ चा. त्या वेळी कुणालाच वाटलं नसेल की हा गडी सगळी कारकीर्द याच एका क्लबात काढणार आहे.

याचं महत्त्व कळायला त्या काळातलं वातावरण माहीत हवं. गोव्यात जरा चमकला की खेळाडूला कोलकात्याहून बोलावणं यायचं. ईस्ट बंगाल, मोहन बागान. पैसे जास्त, प्रेक्षक लाखाच्या घरात, पेपरात फोटो. त्यात चुकीचं काही नाही, खेळाडूचं आयुष्य दहा-बारा वर्षांचं. आपलाच महेश गवळी ईस्ट बंगालकडे गेला आणि २००३ मध्ये जकार्तात आसियान क्लब चषक जिंकणाऱ्या संघात होता. त्याच अंतिम सामन्यात आपल्या आल्विटो डिकुन्हानं गोल केला होता. समीर मात्र हलला नाही. निळा शर्ट अंगावर चढवला तो निवृत्तीपर्यंत.

मधल्या बचावपटूचं काम नेमकं काय, हे मला पहिल्यांदा कळलं ते मैदानात, टीव्हीवर नाही. टीव्हीवर कॅमेरा चेंडूच्या मागे धावतो आणि बचावपटूचं निम्मं काम चेंडू लांब असतानाच चाललेलं असतं. आम्ही स्कूटरवरून बोरीचा पूल ओलांडून फातोर्ड्याला जायचो. स्टँडमध्ये खालच्या पायऱ्यांवर बसलं की कळायचं. आपला संघ तिकडे हल्ला करतोय, सगळे तिकडे बघतायत, आणि इकडे समीर हात हलवून चार जणांची ओळ नीट करतोय. एक पाऊल पुढे, एक मागे. चौघांपैकी एक जण जरी अर्धं पाऊल मागे राहिला तर समोरचा आघाडीपटू ऑफसाइड होत नाही आणि सरळ गोलरक्षकासमोर उभा राहतो. म्हणून सतत बोलत राहायचं, मान फिरवत राहायचं. चेंडू येणार कुठे हे आधी ओळखायचं, म्हणजे घसरून टॅकल करायची वेळच येत नाही. शेजारी बसलेले एक म्हातारे गृहस्थ म्हणाले होते, "ज्याचे कपडे शेवटपर्यंत स्वच्छ, तो चांगला डिफेंडर." तेव्हा हसलो होतो. नंतर पटलं.

त्यात त्या काळची आणखी एक अडचण. परदेशी खेळाडू घ्यायला मर्यादा होती, मग क्लब त्या जागा बहुधा गोल करणाऱ्यांवर खर्च करायचे. चर्चिलकडे ओडाफा ओकोली, बागानकडे होजे बरेटो, महिंद्रकडे युसूफ याकुबू. म्हणजे दर आठवड्याला परदेशी आघाडीपटूला अडवायचं काम बहुतेक भारतीय बचावपटूच्याच वाट्याला. ओडाफा अंगानं दणकट, पाठीवर माणूस घेऊन वळणारा. त्याला नव्वद मिनिटं सांभाळणं म्हणजे काय, ते धेंपो-चर्चिलचा सामना स्टँडमध्ये बसून बघितलेल्यांना विचारा.

५ डिसेंबर २००४. ही तारीख धेंपोचा कुठलाही जुना प्रेक्षक विसरणार नाही. बंगळूरच्या कंठीरवा मैदानावर फेडरेशन चषकाचा अंतिम सामना, समोर मोहन बागान. धेंपोचा ब्राझिलियन आघाडीपटू क्रिस्तियानो ज्युनियर यानं पहिला गोल केला होता. दुसरा गोल करताना बागानचा गोलरक्षक सुब्रत पाल याच्याशी त्याची धडक झाली. चेंडू जाळ्यात गेला आणि क्रिस्तियानो उठलाच नाही. धेंपोनं सामना २-० असा जिंकला. चषक हातात आणि ज्यानं तो जिंकून दिला तो मुलगा गेलेला.

आमच्या घरी रात्री फोन आला, काकांचा. ते एवढंच म्हणाले, "चषक मिळाला, पण नको होता असा." दुसऱ्या दिवशी बाजारात, बसमध्ये, देवळाच्या पायरीवर हाच विषय. फुटबॉल आपला की त्यांचा, हा प्रश्न त्या दिवशी कुणाच्या मनात आला नाही.

धेंपोनं १० क्रमांकाचा शर्ट कायमचा बंद केला. प्रशिक्षक आर्मांदो कुलासो यांनी त्या दुःखी पोरांना घेऊन पुन्हा सराव सुरू केला आणि त्याच मोसमात, २००४-०५ मध्ये, धेंपो पहिल्यांदा राष्ट्रीय लीगचा विजेता झाला. दुसऱ्या स्थानावर होता गोव्याचाच स्पोर्टिंग क्लब. गोल केले त्यांची नावं इतिहासात आहेत. पण मनानं खचलेला संघ सावरतो तो मागून. पाठीमागे कोणीतरी शांत उभं आहे, एवढा भरवसा असला की पुढच्यांचे पाय चालतात. मी खेळलेलो नाही, फक्त बघितलंय. तरी हे ठामपणे सांगतो.

पुढची सात-आठ वर्षं म्हणजे गोव्याच्या फुटबॉलचा सुवर्णकाळ. धेंपो २००६-०७ मध्ये पुन्हा विजेता. २००७-०८ पासून लीगचं नाव आय-लीग झालं आणि पहिलाच किताब धेंपोकडे. मग २००९-१०, मग २०११-१२. एकूण पाच राष्ट्रीय किताब. मधल्या वर्षी साळगावकर, दोनदा चर्चिल. म्हणजे आय-लीगचे पहिले सहाही किताब गोव्यात आले. एवढंसं राज्य, तेव्हा दोन जिल्ह्यांचं, आणि कोलकाता-मुंबईचे मोठे क्लब सहा वर्षं हात चोळत बसले. २००८ मध्ये धेंपो एएफसी चषकाच्या उपान्त्य फेरीतही पोचला.

या काळात महेश गवळी धेंपोकडे आला आणि समीर-महेश अशी जोडी जमली. बातम्यांत गाजली ती रँटी आणि बेटोची जोडी. २०११-१२ च्या मोसमात रँटीनं ३२ गोल केले. हा आकडा आजही कोणी विचारला तर मी झोपेतून उठून सांगेन. त्याच मोसमात समीरनं किती गोल वाचवले? ते कोणी मोजलेच नाहीत. कुलासोंचा संघ चेंडू पायात ठेवून, लहान लहान पास देत पुढे जायचा. सगळे पुढे सरकले की मागे मोठं मोकळं रान पडायचं आणि ते दोघा-तिघांनी राखायचं. पुढच्यांना बिनधास्त खेळायची मोकळीक मिळायची ती या मागच्या लोकांच्या हिशेबावर.

आणि मला वैयक्तिक आनंद वेगळा होता. नाईक आणि गवळी. आमच्या वाड्यावरची, आमच्या शाळेच्या हजेरीपटावरची आडनावं राष्ट्रीय विजेत्या संघाच्या मधोमध. त्यांच्या शेजारी क्लिफर्ड मिरांडा, क्लायमॅक्स लॉरेन्स. एका शर्टात. आमच्या वाड्यावरची मुलं गणपतीच्या सुट्टीत क्रिकेटची बॅट सोडून चेंडू लाथाडायला लागली ती याच वर्षांत.

भारताच्या संघातही धेंपोची ही मंडळी होती. बॉब हॉटन प्रशिक्षक असताना २००७ मध्ये दिल्लीत भारतानं सिरियाला १-० असं हरवून नेहरू चषक जिंकला. समीर त्या काळात भारताकडून खेळला, महेश, क्लिफर्ड आणि क्लायमॅक्सही. यात एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. त्या भारतीय संघाचा गोलरक्षक होता सुब्रत पाल. बंगळूरच्या त्या रात्री त्यानं विशीही गाठली नव्हती. ज्या संघानं त्या धडकेत आपला सोबती गमावला, त्याच संघातले खेळाडू तीन वर्षांनी त्याच गोलरक्षकाबरोबर देशासाठी उभे राहिले. त्यांच्यात काय बोलणं झालं, झालं की नाही, हे त्यांचं त्यांना ठाऊक. पण बचावपटू आणि गोलरक्षक यांचं नातं विश्वासाशिवाय चालत नाही. चेंडू मागे देताना मान वळवून बघायला वेळ नसतो. मला यात माणुसकीचा फार मोठा धडा दिसतो.

हैदराबादच्या मंडळींना २००८ चा एएफसी चॅलेंज चषक आठवत असेल. भारताचे साखळी सामने तुमच्याकडेच झाले. अफगाणिस्तानविरुद्ध अगदी शेवटच्या क्षणी गोल करून सामना काढला तो आपल्या क्लायमॅक्सनं. पावसामुळे अंतिम सामना दिल्लीला न्यावा लागला. तिथे भारतानं ताजिकिस्तानला ४-१ असं हरवलं आणि त्या जोरावर २७ वर्षांनी आशिया चषकाचं दार उघडलं. २०११ ला दोह्याला गेलेल्या संघात महेश आणि क्लायमॅक्स होते.

आता दुःखाचा भाग. थोडक्यात सांगतो, कारण फार बोलवत नाही.

२०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी बंद झाल्या. धेंपोंनी खाण व्यवसाय त्याआधीच, २००९ मध्ये, विकला होता. पण ज्या पैशाच्या जोरावर इथलं फुटबॉल पन्नास वर्षं उभं होतं, तो झराच आटला. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग आली, दिवे, नटनट्या, परदेशी तारे घेऊन. फातोर्डा पुन्हा भरायला लागलं, पण ते एफसी गोवासाठी. २०१४-१५ च्या मोसमात पाच वेळचा विजेता धेंपो आय-लीगच्या तळाशी गेला आणि खालच्या श्रेणीत ढकलला गेला. पुढच्याच वर्षी दुसऱ्या श्रेणीचा किताब जिंकून त्यांनी वर यायचा हक्क मिळवलाही. पण २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब या तिघांनी आय-लीगमधूनच अंग काढून घेतलं. नव्या रचनेत आपल्यासारख्या जुन्या क्लबांना खालची जागा मिळणार, हे त्यांना मान्य नव्हतं.

चूक कोणाची, यावर फोंड्याच्या हॉटेलांत आजही वाद होतात. मी त्यात पडत नाही. एवढंच सांगतो की त्यानंतर काही वर्षं मी फुटबॉल बघायचाच सोडला. वहीसुद्धा तेव्हाच माळ्यावर गेली.

समीर नाईक मात्र तिथेच होता. खेळणं थांबलं होतं, वय झालं होतं. त्याच्या जागी दुसरा कोणी असता तर मोठ्या लीगमध्ये, मोठ्या शहरात काम शोधलं असतं. हा गडी धेंपोच्याच मुलांना शिकवत राहिला आणि पुढे मुख्य प्रशिक्षक झाला. वरच्या लीगमध्ये क्लब नाही, टीव्हीवर सामना नाही, पेपरात चार ओळींची बातमी. तरी रोज सराव.

२०२४ मध्ये धेंपो आय-लीगच्या खालच्या श्रेणीत दुसरा आला आणि नऊ वर्षांनी आय-लीगमध्ये परतला. प्रशिक्षक समीर नाईक. मला बातमी पुतण्यानं मोबाईलवर दाखवली. तो चौदा वर्षांचा, शाळेच्या संघात मागे खेळतो. मला म्हणाला, "काका, हा कोण? आधी खेळायचा का?"

मी काय उत्तर देणार? माळ्यावर चढलो आणि वही काढून आणली. सगळी पानं उलटली, दाखवायला समीरची एकही बातमी धड सापडेना. शेवटी एका सामन्याखालची अकरा नावांची यादी दाखवली. बोट ठेवून म्हटलं, "हा बघ. हे नाव प्रत्येक पानावर याच जागी आहे की नाही बघ." पोरगं पानं उलटत बसलं. पाच किताब, आणि यादीत तेच नाव त्याच जागी.

हा शेवट गोड आहे असं मी म्हणणार नाही. आय-लीग तोवर देशातली पहिली लीग राहिलेली नव्हती, दुसरी पायरी झाली होती. धेंपो परत आला तो पूर्वी होता त्या ठिकाणी नाही. पण सगळे निघून गेल्यावर घर सांभाळणारा एखादा असतो, म्हणून परत यायला घर राहतं. समीरनं मैदानात जे वर्षानुवर्षं केलं, तेच मैदानाबाहेर केलं. पुढे कोणी नसताना मागची ओळ सोडली नाही.

परगावी पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या तुम्हा-आम्हाला हे वेगळं समजावून सांगायला नको. इंदूरचं ग्रंथालय असो, बेळगावची शाळा असो, हैदराबादचं मंडळ असो, तिथं असा एकेक माणूस असतोच. अहवालात त्याचं नाव कार्यकारिणीच्या यादीत, शेवटून तिसरं.

पुतण्याचा सामना येत्या रविवारी आहे. मी जाणार आहे, पायऱ्यांवर खाली बसून चेंडू लांब असताना त्याच्याकडे बघणार आहे. सामना संपल्यावर बाहेर गाड्यावर रोस ऑम्लेट ठरलंच आहे.

तुमच्यापैकी कोणाकडे त्या काळातले फातोर्डा, टिळक मैदान किंवा म्हापशाच्या धुळेर मैदानावरचे फोटो, तिकिटं, कात्रणं असतील तर इथे जरूर टाका. रँटीचे गोल सगळ्यांकडे आहेत. मागे उभ्या असलेल्यांचे फोटो मिळाले तर जास्त बरं.